भावोजींची धुरी

वारा पडला तो नेमका पाव फिरवताना.

सणाच्या गोल पावाला एका बाजूने पाद्रीबुवांचे हात होते, दुसऱ्या बाजूने आमच्या मिलादिनभावोजींचे. मध्ये मेणबत्ती जळत होती. भावोजींच्या अंगात पांढरा शर्ट होता आणि त्यांच्या शेजारी माझ्या थोरल्या जाऊबाई, स्तामेना, खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. त्यांच्या पायांना सूज होती, उभं राहू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. पण संत जोर्जेच्या दिवशी जाऊबाईंना खाली बसवणारा अजून जन्मायचा होता. पाद्रीबुवा प्रार्थना म्हणत होते, सगळ्यांच्या माना खाली होत्या, आणि मी मेली वेंधळी, खिडकीतून बाहेर बघत होते. समोरच्या घराच्या धुराड्यातला धूर आठवडाभर आडवा पळत होता. तो माझ्या डोळ्यांदेखत सरळ उभा राहिला.

भावोजींचं लक्ष माझ्याआधी तिकडे गेलं होतं. पाव फिरायचा थांबला. पाद्रीबुवांनी एक डोळा उघडून बघितलं, घसा खाकरला, आणि पुन्हा पुढचं म्हणायला लागले.

आमच्या व्रबोवा गावात वारा पडणं म्हणजे काय हे रांगत्या पोरालाही कळतं. वसंतात डॅन्यूब नदीवरून कोशावा वारा सुटतो. तो वाहतो तोवर दाराच्या बिजागऱ्या किरकिरतात, बायकांची डोकी दुखतात, सगळे त्याला शिव्या घालतात. पण तो आहे तोवर माशी गवतात दबून बसते. तो पडला, ऊन पडलं, की माशी उठते. माशी म्हटल्यावर घरात ताटावर बसते ती डोळ्यांपुढे आणू नका. ही बाजरीच्या दाण्याएवढी, पाठीत पोक असलेली. एकटी कधी येत नाही, ढग येतो ढग. गुरांच्या नाकात, कानांत, पापण्यांत, पोटाखालच्या मऊ कातडीत शिरते. एखादं वर्ष वाईट असलं तर सकाळी चरायला गेलेलं जनावर संध्याकाळी परत येत नाही.

ही माशी कुठून येते, याचं उत्तर गावाला पाठ आहे. आमच्या संत जोर्जेने राक्षसाचं मुंडकं उडवलं, ते गडगडत नदीकाठच्या गुहेत जाऊन पडलं, तिथे कुजलं, आणि त्यातून दर वर्षी माश्या निघतात. माझ्या सासऱ्यांच्या तरुणपणी गावाने वर्गणी काढून ती गुहा दगड-चुन्याने बुजवली होती म्हणे. पाद्रीबुवांनी पाणी शिंपडलं, बँडवाले आणले, जेवणावळ झाली. पुढच्या वसंतात माशी आली ती आदल्या वर्षीपेक्षा जास्त. गवंड्याने चुना कमी घातला, असं ठरलं आणि विषय संपला.

आता आमच्या घरची अडचण ऐका. संत जोर्जे हा आमच्या घराण्याचा संत. आमच्याकडे प्रत्येक घराण्याला आपला एक संत असतो आणि त्याचा दिवस म्हणजे घरातला सगळ्यांत मोठा सण. त्या दिवशी घरचा यजमान सकाळी मेणबत्ती लावतो, पाद्रीबुवांबरोबर पाव फिरवतो, पाहुण्यांना वाढतो, आणि दिवसभर उभा राहतो. बसायचं नाही. संत घरी आलेला असताना यजमान बसला तर तो कसला यजमान? आणि मेणबत्ती जळते आहे तोवर त्याने उंबरा ओलांडायचा नाही. आता हा दिवस पडतो मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. आणि माशी कधी उठते? मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. आमच्या संताला दुसरा दिवस मिळाला नाही.

भावोजींना मिसरूड फुटत होतं त्या वर्षी असंच झालं होतं. पाव कापून झाला होता, पाहुणे बसले होते, आणि कोणीतरी दारात येऊन सांगितलं की कुरणात माशी उतरलीय. माझे सासरे यजमान. ते म्हणाले, संताचा दिवस आहे, संत बघून घेईल. पाहुणे म्हणाले, खरं आहे. पेले भरले गेले. पोरगेल्या मिलादिनला राहवेना. सगळ्यांचा डोळा चुकवून तो कुरणात गेला, तेव्हा आमचे दोन्ही बैल आणि गायी पाय ताणून पडल्या होत्या. नाकपुड्या माश्यांनी गच्च भरलेल्या. एक वासरू तेवढं धुगधुगत होतं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन तो बोटाने त्याच्या नाकातल्या माश्या काढत बसला. अंधार पडायच्या आत तेही गेलं. घरी मेणबत्ती अजून जळत होती.

हे भावोजींनी आयुष्यात एकदाच सांगितलं, जाऊबाईंना, लग्नानंतर पहिल्याच वर्षी. कारण सासऱ्यांनंतर यजमानपण त्यांच्याकडे आलं होतं, आणि त्या वर्षी संताच्या दिवशी पहाटे उठून ते कुरणात निघाले आणि नवी नवरी दार अडवून उभी राहिली. गुरं बाहेर असताना मी टेबलाशी उभा राहणार नाही, एवढं ते म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरी पाव फिरवायचा तो माझा नवरा तिहोमिर. थोरला धडधाकट असताना धाकट्याने यजमान व्हायचं, हे काही शोभत नाही. गाव बोलायला कमी करत नव्हतं. मिलादिनच्या घरी संत येतो तेव्हा मिलादिन नसतो, दोघांचं पटत नाही वाटतं, असं लोक म्हणायचे. जाऊबाई ऐकून घ्यायच्या आणि घरी येऊन कणीक अशी मळायच्या की परात हलायची.

पुढे गुरं घरोघरची राहिली नाहीत. कुरण सहकारी संस्थेकडे गेलं आणि तिथे मांसासाठी पोसायचे गोऱ्हे आले. वसंतात यायचे, शरदात मालगाडीत बसून इटलीला जायचे. गुराखी म्हणून संस्थेने भावोजींनाच ठेवलं, कारण दुसरं कोण ठेवणार? गोठ्यात वाढलेले ते गोऱ्हे. त्यांनी गवत बघितलेलं नसायचं, धूर तर नाहीच. धुराला ते बिचकायचे आणि माशीला धूर हेच एक औषध. मग भावोजी काय करायचे, तर गोऱ्हे आले की पहिल्याच आठवड्यात, माशी नसतानाच, मुठीएवढी धुरी घालायचे आणि तिच्याजवळ मीठ पसरायचे. झेकोन्या नावाचा एक करडा बैल त्यांनी संस्थेकडून मुद्दाम मागून ठेवून घेतला होता. तो सरळ धुरात जाऊन मीठ चाटायचा. त्याच्या मागून एक धीट गोऱ्हा, मग दुसरा. संताचा दिवस येईपर्यंत धूर दिसला की सगळा कळप आपणहून येऊन उभा राहायचा.

आणि धुरी म्हणजे जाळ नव्हे. जाळाला माशी भीत नाही, गुरं भितात. खाली निखाऱ्यांची गादी, तिच्यावर वाळकं शेण, वर ओलं गवत आणि अक्रोडाचा पाला. जाळ दिसता कामा नये, आणि धूर जमिनीलगत राहिला पाहिजे, गुरांच्या गुडघ्यांपासून नाकापर्यंत. भावोजी दिवसभर गवत सारायचा लांब काटा हातात घेऊन ती धुरी सांभाळत फिरायचे. शिवाय डुकराच्या चरबीत डांबर कालवून प्रत्येक गोऱ्ह्याच्या नाकाला, कानांना, पोटाखाली चोपडायचे. डोळे कायम लाल. अंगाला असा वास की लग्नात त्यांना दाराजवळची खुर्ची मिळायची. जाऊबाई म्हणायच्या, माझ्या नवऱ्याला मी डोळे मिटूनही शोधून काढेन.

शरदात गोऱ्हे भरायला आलेल्या एका ट्रकवाल्याने त्यांना एकदा चिडवलं होतं. म्हणाला, कापायला चाललेल्या जनावराच्या नाकाला कसलं मलम चोपडतोस रे बाबा? भावोजी एका गोऱ्ह्याच्या कानामागे खाजवत होते. ते म्हणाले, "कापणाऱ्याचं काम घटकेचं असतं. माशीचं दिवसभराचं." मीही तिथेच होते, आणि माझ्या या दिराबद्दल मला पहिल्यांदा अभिमान वाटला तो तेव्हा. तोवर आपल्या नवऱ्याला दर वर्षी उभं राहायला लागतं म्हणून मी मनातल्या मनात कुरकुरच करत होते.

पाव फिरवताना वारा पडला, त्या वर्षी हिवाळ्यात जाऊबाईंच्या हृदयाचं दुखणं निघालं. मार्चमध्ये एकदा आम्ही दोघी कोबी चिरत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, कोसाना, मला एकदा यांना मेणबत्तीशी उभं राहिलेलं बघायचंय. पेटीतून त्यांनी शर्ट काढून दाखवला. लग्नाच्या आधी स्वतः विणलेल्या कापडाचा, गळ्याशी पांढऱ्यावर पांढरं भरतकाम केलेला. यजमानाने संताच्या दिवशी घालायचा म्हणून शिवलेला, आणि इतक्या वर्षांत घडीही मोडली नव्हती. मला रडू आलं. त्यांनी माझ्या हातात आणखी एक कोबी दिला.

त्यांनी भावोजींना विचारलं तेव्हा भावोजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, वारा असेल तर राहीन. झालं. एप्रिल संपत आला तसं आमच्या घरात वाऱ्याशिवाय दुसरा विषय नव्हता. ज्या कोशाव्याच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडली, त्याच्यासाठी जाऊबाई देवळात मेणबत्त्या लावत होत्या. खिडकीची काच रात्री खडखडली की पलीकडच्या खोलीतून त्यांचा आवाज यायचा, आहे गं, आहे अजून.

सणाच्या आदल्या संध्याकाळीही वारा होता. भावोजींनी घरच्या चुलीतले निखारे मडक्यात भरून कुरणात नेले, गादी घातली, राखेखाली झाकली. दर वर्षी ते आदल्या दिवशीच न्यायचे. कारण संताच्या दिवशी घरातून विस्तव बाहेर द्यायचा नाही, ही आमच्याकडची सगळ्यांत कडक रीत. मीठ नाही, दूध नाही, आणि विस्तव तर नाहीच नाही. दिला तर घरची बरकत त्या विस्तवाबरोबर निघून जाते, आणि घरातलं कोणीतरी वर्षाच्या आत जातं. जाऊबाई या बाबतीत इतक्या कडक, की शेजारची दारिंका लग्न होऊन नवी आलेली, तिची चूल विझली म्हणून सणाच्या सकाळी विस्तव मागायला आली, तर तिला त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. बिचारीच्या घरी त्या दिवशी जेवायला दिवेलागण झाली. दारिंका ते अजून विसरलेली नाही.

निखारे सांभाळायला भावोजींनी झिव्कोला बसवलं. झिव्को त्यांच्या हाताखालचा गुराखी, चांगला पन्नाशीचा माणूस, मनाने सोनं, पण धीर म्हणून नाही. मी पाव फिरवून येतोच, राख हलवू नको, एवढंच भावोजींनी त्याला सांगितलं होतं.

आणि पाव फिरवतानाच वारा पडला.

सणाची प्रार्थना आमच्याकडे लांबलचक असते; ती संपायच्या आतच झिव्को दारात आला. टोपी हातात, भुवया जळालेल्या. सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"विझलं रे मिलादिन," तो म्हणाला. रात्रभरच्या वाऱ्याने राख उडाली होती आणि निखारे जळून खाक झाले होते. माशी उठलेली बघून याने घाबरून कंदिलातलं रॉकेल गवतावर ओतलं आणि काडी लावली. पुरुषभर जाळ उठला. गोऱ्हे उधळले आणि नदीकडे, लव्हाळ्यात शिरले. तिथे पाय टाकला की चिखल पोटापर्यंत येतो.

भावोजींनी मेणबत्तीकडे बघितलं, मग जाऊबाईंकडे. त्यांचे हात पावाखालीच होते. मी त्या माणसाला इतकी वर्षं बघत होते, पण असा चेहरा कधी बघितला नव्हता. गेले असते तर बायकोची एवढी एकच इच्छा मोडली असती. राहिले असते तर पुन्हा तेच वासरू मांडीवर. आणि नुसते जाऊन तरी काय करणार? निखाऱ्याशिवाय शेण धरत नाही, आणि निखारे कुठे होते, तर आमच्या चुलीत. ते मागायची त्यांची छाती नव्हती.

जाऊबाईंनी खुर्ची सोडली. चुलीपाशी गेल्या, फडताळावरचं मडकं काढलं, चुलीचं दार उघडलं आणि पळीने निखारे भरायला लागल्या.

दारिंका पाहुण्यांत बसली होती. ती म्हणाली, "स्तामेना, अगं आज?"

"आजच," जाऊबाई म्हणाल्या. "संताला काय ते मी सांगेन. तो राक्षस मारून घोड्यावरून निघून गेला. मागचं निस्तरायला माझा नवरा आहे."

त्यांनी मडक्यावर राख टाकली, त्याचे कान फडक्याने गुंडाळले आणि मडकं भावोजींच्या हातात दिलं. भावोजी शर्ट काढायला लागले तर म्हणाल्या, राहू दे, वेळ नाही. भावोजी धावत गेले, झिव्को त्यांच्या मागून. आम्ही सगळे अर्ध्या फिरवलेल्या पावाकडे बघत उभे. तिहोमिर सवयीने पुढे झाला, त्याने हात पुढे केले.

"तुम्ही थांबा भावोजी," जाऊबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. "कोसाना, मेणबत्ती उचल."

मी म्हटलं, "अहो, कुठे?"

"यजमान जिथे, तिथे सण. गाडी जोडायला सांग. मला चालवणार नाही."

मेणबत्ती बाहेर नेली तर विझेल, असं कोणीतरी म्हणालं. आणि म्हणता म्हणता थांबलं. वारा तर पडलाच होता.

आमच्या गावाने अशी वरात आधी बघितली नव्हती. पुढे बैलगाडीत जाऊबाई, मांडीवर संतासाठी शिजवलेल्या गव्हाचं ताट. शेजारी मी, दोन्ही हातांत मेणबत्ती, हाताला मेण पोळतंय पण हू की चू करायची सोय नाही. मागून पाद्रीबुवा, पाव छातीशी धरून. त्यांच्या मागून पाहुणे, ज्याला जे सुचलं ते घेऊन, कोणी राकिया दारूची सुरई, कोणी कोबीच्या पानांतल्या खिम्याचं पातेलं. वाटेतच माश्या लागल्या. बायकांनी तोंडाला रुमाल बांधले.

कुरणात पोचलो तेव्हा भावोजी गुडघ्यांवर बसून फुंकत होते. निखारे शेणाला लागले होते. वर त्यांनी ओलं गवत टाकलं, पाला टाकला, आणि पांढरा, जाड धूर निघाला आणि जमिनीवर पसरला. लव्हाळ्यातून गोऱ्ह्यांच्या हंबरण्याचा आवाज येत होता. ऐकवत नव्हता. भावोजी उभे राहिले, तोंडापुढे हात धरला आणि मिठाला बोलवायची ती लांब हाक मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. मग लव्हाळी हलली आणि झेकोन्या बाहेर आला. पोटापर्यंत चिखल, डोळ्यांभोवती माश्यांची काळी झालर. जाळाने बिचकलेलं जनावर, पण सावकाश, एकेक पाय उचलत, तो सरळ धुरात येऊन उभा राहिला. त्याच्या मागून एक गोऱ्हा आला. मग दोन आले. मग सगळेच यायला लागले.

एक चिखलातून निघू शकला नाही. बाकीचे सगळे त्या धुरात एकमेकांना चिकटून उभे राहिले. हळूहळू शेपट्या थांबल्या, माना झटकणं थांबलं. भावोजी त्यांच्यातून डांबराचं फडकं घेऊन फिरत होते, एकेकाचं नाक पुसत होते. शर्टाचा रंग आता कोणाला सांगता आला नसता.

मग पाद्रीबुवा शिंकत शिंकत पुढे झाले. भावोजींनी हात गवताला पुसले आणि पाव धरला. राहिलेली प्रार्थना धुरात झाली. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यातलं धुराचं किती हे कोण सांगणार? जाऊबाई गाडीतून उतरल्या आणि भावोजींच्या शेजारी उभ्या राहिल्या, एक हात झेकोन्याच्या पाठीवर टेकून. पाव कापला, त्यावर वाइन ओतली. भावोजींनी सगळ्यांना वाढलं. दुपारभर हातात पेला घेऊन या पाहुण्याकडून त्या पाहुण्याकडे, मध्येच काट्याने धुरी सारखी करायची, पुन्हा पाहुण्यांकडे. बसले नाहीत. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला, की हा माणूस दर वर्षी आजच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभाच असतो. आम्हीच त्याला यजमान म्हणत नव्हतो.

परतताना भावोजी बायकोला म्हणाले, शर्टाची वाट लागली. जाऊबाई म्हणाल्या, "लागू दे. मी तो धुणार नाही." आणि त्यांनी खरंच धुतला नाही, तसाच घडी करून पेटीत ठेवला.

जानेवारीत त्या गेल्या. वर्षाच्या आत.

गाव काय म्हणालं ते सांगायला नको. संताच्या दिवशी विस्तव बाहेर दिला, भोगलं. दारिंका तर विहिरीपाशी सगळ्यांना सांगत होती. डॉक्टरांनी आदल्या हिवाळ्यातच सांगून ठेवलं होतं हे कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. मी दोघी-तिघींशी कडाकडा भांडले, फटकळ म्हणून आधीच नाव होतं, ते आणखी झालं. भावोजी कोणाशी भांडले नाहीत. पण त्यांच्या कानावर सगळं जात होतं. विस्तव त्यांच्यासाठी बाहेर गेला होता.

त्यानंतर आमच्या घरचा सण कुरणातच व्हायला लागला. पाद्रीबुवा आपणहून जुने कपडे घालून यायचे. मग काही वर्षांनी खाली नदीच्या खिंडीत मोठं धरण झालं. पाणी चढलं, अर्धं कुरण गेलं, खळाळणारी नदी तळ्यासारखी संथ झाली. आणि एका वसंतात वारा पडला, ऊन पडलं, भावोजी काटा घेऊन दिवसभर उभे राहिले, पण माशी आली नाही. दुसऱ्या वर्षीही आली नाही. धरणाच्या साचलेल्या पाण्यात तिची पैदास होत नाही, तिला वाहतं पाणी लागतं, असं म्हणतात. संस्थेच्या व्यवस्थापकांनी धुरीची गरज नाही म्हणून कळवलं, आणि तेही बरोबरच होतं.

त्या पुढच्या वर्षी संताच्या दिवशी भावोजी घरी होते. पेटीतून त्यांनी तो शर्ट काढला. धुराने पिवळा झालेला, एका बाहीला जळाल्याचं भोक. नवा देते म्हटलं तर नको म्हणाले. मेणबत्ती लावली, पाव फिरवला. जाऊबाई उभ्या राहायच्या तिथे मी उभी राहिले, कोणीतरी राहायला हवं म्हणून. सगळं रीतीप्रमाणे झालं. ज्या एका गोष्टीसाठी त्या बाईने वाऱ्याला साकडं घातलं, ती आता दर वर्षी होणार होती.

पाहुण्यांचं वाढून झाल्यावर भावोजी चुलीपाशी गेले. फडताळावरचं तेच मडकं काढलं. पळीने निखारे भरले, वर राख टाकली. दारिंका दाराजवळ होती.

"मिलादिन, अरे मेणबत्ती जळतेय. आज विस्तव बाहेर नेतोस?"

"तिने दिला होता," भावोजी म्हणाले. "परत करायला चाललोय."

दारिंकाने पाय आखडून वाट दिली. मी त्यांच्या मागून गेले. तिहोमिर मेणबत्तीपाशी थांबला.

आमची दफनभूमी कुरणाच्या वरच्या अंगाला, उंचवट्यावर आहे. भावोजींनी जाऊबाईंच्या दगडापाशी मडकं ठेवलं, राख बाजूला केली, निखाऱ्यांवर ऊद टाकला. मग खिशातून अक्रोडाची चार पानं काढली आणि तीही टाकली. वारा नव्हता. धूर थोडा वर गेला आणि मग पसरून दगडावर आणि गवतावर राहिला.

खाली कुरणात संस्थेचे गोऱ्हे चरत होते. नवीन होते, त्यांना धुराशी काही देणंघेणं नव्हतं. पण झेकोन्याने मान वर केली. आता तो म्हातारा झाला होता, पाठीची हाडं वर आलेली. उंचवटा चढून सावकाश, मध्ये थांबत, तो कुंपणापाशी आला आणि मान आत घालून धुरात उभा राहिला. त्याच्या अंगावर एक माशी नव्हती. भावोजींनी शर्टाच्या बाहीने त्याच्या नाकपुड्या पुसल्या, आधी एक, मग दुसरी.

बराच वेळ गेला. त्यांचे पाय थरथरताना मला दिसत होते. शेजारी सपाट दगड होता, त्यावरची माती मी पदराने झटकली.

"भावोजी, टेका जरा."

"आज कसा बसेन गं?" ते म्हणाले. "यजमान आहे मी."